मूल गेलेल्या घरासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गोव्यातल्या मराठी घरांत पुन्हा पुन्हा निघतात. सलग वाचायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात आई-वडिलांना तर हे वाचायला बसवूच नका. सुरुवातीचे चार-पाच प्रश्न मामा, काका किंवा शेजाऱ्यांनी वाचून कामाला लागावं. बाकीचे पुढे लागतील, काही वर्षभराने.

पहिल्या दोन-तीन दिवसांत घरच्यांनी काय सांभाळायचं?

जमेल तितकं कमी. घरात वावर असलेला, पण दुःखाच्या अगदी केंद्रात नसलेला एक माणूस ठरवा आणि आई-वडिलांचे फोन त्याच्या हाती द्या. त्याने एक वही ठेवावी: कुणाला कळवलं, कुणी पैसे भरले, इस्पितळातून कोणते कागद मिळाले, कोण येऊन गेलं. महिन्याभराने आईला यातलं काही आठवत नसतं, आणि कोण आलं होतं हे तिला हमखास जाणून घ्यायचं असतं.

जेवण वाड्यावरून येतं, पण सगळे डबे एकदम येतात आणि संध्याकाळी पातेली टाकून द्यावी लागतात. एक दिवस एका घराने, असं वाटून घ्या. ताट पुढे केलं तर ते परत जातं. वाटीभर पेज आणि लोणच्याची फोड दर तीन तासांनी हातात दिली तर निम्मी तरी पोटात जाते. आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या कोण देणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. इन्सुलिन घेणारं कुणी जेवत नसेल तर नेहमीचा डोस तसाच देऊ नका, साखर एकदम खाली जाते. डॉक्टरांना फोन करून विचारा.

आईला शेवटचं पाहू द्यायचं नाही असं सगळे म्हणतात. बरोबर आहे का?

नाही. तिला विचारा. विचारण्याआधी काय दिसेल ते साध्या शब्दांत सांगा: चेहरा कसा आहे, पट्टी कुठे आहे, अंग थंड लागेल. नुसता हात धरायचा असेल तर तेवढाच उघडा ठेवता येतो. तिने नको म्हटलं तर तेही मान्य करा. 'तिला झेपणार नाही' हे दुसऱ्यांनी ठरवलं, ही खंत मात्र आयांच्या मनातून वर्षानुवर्षं जात नाही. वडिलांना कुणी विचारतच नाही, त्यांनाही विचारा.

मृत्यूची नोंद कुठे आणि किती दिवसांत करायची?

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे २१ दिवसांत. मृत्यू ज्या हद्दीत झाला तिथल्या पंचायतीत किंवा पालिकेत नोंद होते, तुमच्या गावच्या नव्हे. इथेच सर्वांत जास्त हेलपाटे होतात. मूल इस्पितळात गेलं असेल तर निबंधकाला इस्पितळच कळवतं. घरी गेलं असेल तर ते काम कुटुंबाचं. २१ दिवस उलटले तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढे वर्षाच्या आत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो.

जाताना मुलाचा जन्मदाखला आणि आई-वडिलांची आधार कार्डं न्या. नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा. आपल्याकडे शाळेत एक आडनाव, जन्मदाखल्यात गावाचं दुसरं, असं सर्रास असतं आणि नंतरची दुरुस्ती फार दमवते. दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्या: शाळा, बँक, विमा, रेशनकार्ड, पासपोर्ट. आणायला दोघांनी जा. मुलाचं नाव त्या कागदावर पहिल्यांदा वाचताना पाय डगमगतात.

मुलगा किंवा मुलगी मोठी होती, लग्न झालं होतं पण मूलबाळ नव्हतं, तर गोव्याच्या वारसा कायद्यात आई-वडिलांचा क्रम हयात जोडीदाराच्या आधी लागतो. सामाईक मालमत्तेतला जोडीदाराचा अर्धा वाटा वेगळा. सून किंवा जावयाला हे बहुधा माहीत नसतं. ही बोलणी बाराव्याच्या पंगतीत काढू नका.

अपघात होता. पोलीस आणि शवचिकित्सा टाळता येत नाही का?

अपघात, बुडणं, आत्महत्या किंवा कारण स्पष्ट नसलेला मृत्यू असेल तर पंचनामा आणि बहुतेक वेळा शवचिकित्साही होते. याचा अर्थ तुमच्यावर संशय आहे असा नव्हे. जबाब देताना सोबत कुणीतरी असू द्या आणि वाचून मगच सही करा. पंचनामा, एफआयआर आणि शवचिकित्सा अहवालाची प्रत मागून एका फाइलीत ठेवा. रस्त्यावरचा अपघात असेल तर नुकसानभरपाईच्या दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. 'पोराचे पैसे नकोत' असं वडील पहिल्या महिन्यात म्हणतातच. निर्णय नंतर बदलता यावा म्हणून निदान कागद जमवून वकिलाला दाखवून ठेवा.

बाळ पोटातच गेलं, किंवा जन्मून काही तासांत. याला 'मूल गेलं' म्हणायचं का?

हो. बाळ काही मिनिटं जरी जगलं तरी जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद होते. २८ आठवड्यांनंतर बाळ मृत जन्मलं तर त्याची मृतजन्म म्हणून वेगळी नोंद असते.

काही गोष्टी पहिल्या काही तासांतच कराव्या लागतात, नंतर त्या हाती लागत नाहीत. कारण कळलेलं नसेल तर नाळ आणि वार तपासणीला पाठवायला सांगा. कुणी बोललं नाही तर ती टाकून दिली जाते आणि पुढच्या गरोदरपणात डॉक्टरांना अंधारात चाचपडावं लागतं. मनगटावरची पट्टी मागून घ्या. शिक्क्याच्या शाईने पावलाचा ठसा घ्या, दोन फोटो काढा. आज बघवणार नाहीत, तरी काढा आणि बहिणीच्या फोनमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी मागितले जातात.

मग दूध. दोन ते चार दिवसांत ते येतंच आणि बहुतेक आयांना याची कल्पना कुणी दिलेली नसते. घट्ट फडका बांधू नका, त्याने गाठी होतात आणि दुखणं वाढतं. अंगाला नीट बसणारी ब्रा दिवस-रात्र घाला. गार पाण्याच्या घड्या किंवा फ्रिजमधली कोबीची पानं १५-२० मिनिटं ठेवा. फार ताण आला तर हाताने थोडंसं, बरं वाटेल इतकंच काढा; पूर्ण रिकामं केलं तर शरीर आणखी बनवतं. दूध थांबवायची गोळी असते, ती डॉक्टरांनीच द्यायची, कारण रक्तदाब वाढलेला असेल तर ती चालत नाही. ताप ३८ अंशांवर गेला आणि स्तनावर लाल, गरम चट्टा दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

नोकरी असेल तर: गर्भपात झाल्यास कायद्याने सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मृतजन्म किंवा जन्मानंतर लगेच बाळ गेल्यास ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा २०२२ पासून मिळते. वडिलांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी शोकरजा नाही, साधी रजा जोडून घ्यावी लागते.

लहान मुलाचं 'काही करायचं नसतं' असं भटजी म्हणाले. मग आम्ही काय करायचं?

फार लहान मुलाला बहुधा पुरतात, सुतक कमी दिवसांचं असतं आणि श्राद्धही मोठ्यांसारखं नसतं. शास्त्र आई-बापांचा भार हलका करायला पाहतं, पण आईला ऐकू येतं ते असं की तिचं मूल मोजण्यासारखंच नव्हतं. घरातलं छोटं काही करायला कुणाची हरकत नसते: तिन्हीसांजेला एक पणती, अंगणवाडीतल्या मुलांना खाऊ, परसात एखादं झाड. झाड लावायचं तर पहिल्या पावसात जास्वंद लावा. नाजूक कलम मेलं तर घर पुन्हा कोसळतं.

देवीचा कौल घ्यायचा आहे. घ्यावा का?

श्रद्धा असेल तर घ्या, प्रश्न मात्र जपून विचारा. 'वर्षश्राद्ध कुठे करू', 'यंदा चवथ (गणेशचतुर्थी) करू का' असे पुढचे प्रश्न घराला धीर देतात. 'कुणामुळे झालं' हा प्रश्न विचारला की बोट कुणावर तरी जातंच: सून, धाकटी जाऊ, शेजारचं घर. मग दुःख राहतं बाजूला आणि वैर तेवढं उरतं. घाड्याकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिकाकडे, तर अशाच प्रश्नाने सुरुवात होते. खर्च वाढत गेला किंवा कुणी इस्पितळाची औषधं बंद करायला सांगितली तर तिथून उठा.

नवरा आठव्या दिवशी कामावर गेला. त्याला काहीच वाटत नाही का?

वाटतं. काही माणसं रडून, बोलून शोक करतात, काही हाताला काम देऊन. पुरुष सगळे दुसऱ्या प्रकारचे असतात असंही नाही. कितीतरी घरांत आई गप्प राहून बागेत राबते आणि बाबा न्हाणीघरात नळ सोडून रडतात. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकातला माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो: कधी दुःखात बुडतो, कधी बाजारहाट, बिलं, नोकरी यांत गुंततो. तब्येतीला दोन्ही लागतं. घोळ होतो तो दोघं एकाच वेळी एकाच टोकाला नसतात म्हणून. तो बाहेर आलेला असताना ती आत असते, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याला कळतच नाही.

आठवड्यातून दोनदा २० मिनिटं ठरवा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. गाडीत, दोघंही समोर बघत असताना हे जास्त सोपं जातं. जवळीक हवी की नको यावरही बहुतेक जोडप्यांत तफावत पडते. एकाला तो आधार वाटतो, दुसऱ्याला अपराध. हे तोंडाने बोला, अंदाज बांधू नका. आणि मूल गेलं की बहुतेक लग्नं मोडतात, ही ऐकीव गोष्ट आहे. तिला आधार नाही.

झोप नाही. गोळी घेऊ का? रात्री दोन पेग घेतले तर चालतील का?

शेजारणीच्या गोळ्या नकोत. झोपेची गोळी डॉक्टरांनी दिली तर थोड्या दिवसांसाठी ठीक, पण काही आठवड्यांतच सवय लागते आणि अचानक बंद केली की झोप आणखी उडते. दारूने झोप लागते हे खरं, पण पहाटे तीनला डोळे उघडतात, आणि ती वेळ सर्वांत वाईट. गोव्यात तावेर्न (दारूचा गुत्ता) चालत जायच्या अंतरावर असते आणि सांत्वनाला येणारा मित्र फेणीची बाटली घेऊनच येतो. पहिले तीन महिने घरात बाटली नको, असं कुणीतरी मोठ्या माणसाने स्पष्ट सांगावं.

धाकट्या भावंडाला काय सांगायचं?

खरं, थोडक्यात आणि त्याच दिवशी. 'झोपला' म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं. 'गावाला गेला' म्हटलं तर वाट बघतं. 'देवाने नेला' म्हटलं तर देवळात यायला नकार देतं, आणि त्यात त्याची चूक नाही. 'दादा मेला. त्याचं शरीर चालायचं थांबलं, ते परत चालू होत नाही' एवढं सांगा. पाच वर्षांखालचं मूल तरीही उद्या पुन्हा विचारील, दादा कधी येणार. त्याला मरण कायमचं असतं हे अजून कळत नाही. तेच उत्तर, त्याच शब्दांत द्या. सहा-सात वर्षांच्या मुलाला हमखास वाटतं की आपण भांडलो म्हणून असं झालं. त्याने विचारलं नाही तरी 'तुझ्यामुळे नाही' हे त्याला सांगा. मोठी मुलं गप्प होतात आणि घराचे आई-बाप बनायला बघतात. त्यांना खेळायला पाठवा.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल तरी लपवू नका. शाळेत दुसऱ्याच कुणाकडून कळतं. कसं केलं याचा तपशील नको. 'त्याच्या मनाला फार मोठा आजार झाला होता आणि त्यात त्याने स्वतःचा जीव घेतला' हे पुरे.

शाळेत पाठवण्याआधी बाईंना भेटा. पहिला दिवस अर्धा ठेवा, आणि रडू आलं तर न विचारता वर्गाबाहेर जाता येईल अशी एखादी खूण ठरवा. गेलेल्या मुलाचं नाव हजेरीतून, बसच्या यादीतून आणि फीच्या संदेशांतून काढायला त्याच दिवशी सांगा. तिसऱ्या महिन्यात फोनवर फीची आठवण येणं फार वाईट.

आजी-आजोबा एकदम खचलेत.

त्यांचं दुःख दुहेरी असतं: नातवंडाचं आणि स्वतःच्या लेकराला असं बघण्याचं. शिवाय 'मी का राहिलो' हे. त्यांना घराबाहेर काढणारं एक रोजचं काम द्या आणि जेवण, गोळ्यांवर लक्ष ठेवा.

कपडे, दप्तर, फोन यांचं काय करायचं?

घाई नको. कुणी 'बघवत नाही' म्हणून आई माहेरी असताना कपाट रिकामं करू नये. हे परत न येणारं नुकसान आहे. एक न धुतलेला कपडा झिपच्या पिशवीत हवा काढून ठेवा, वास बरेच महिने टिकतो. पण आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळ्यावर बुरशी चढते. कपडे पूर्ण कोरडे करून स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. डांबरगोळ्या नकोत, त्या मुलाचा वास खाऊन टाकतात. चित्रं, वह्या पावसाआधी फोनवर स्कॅन करून घ्या.

फोन रिसेट करू नका. आवाजाचे संदेश आणि फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरलं नाही तर पुसलं जातं. प्रीपेड सिम ९० दिवस वापराविना राहिलं की बंद होऊ शकतं आणि तो नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो. रात्री लेकीचा नंबर लावला आणि अनोळखी माणसाने उचलला, असं व्हायला नको असेल तर रिचार्ज चालू ठेवा.

बांबोळीवरून जाताच येत नाही.

पणजी-मडगाव रस्त्यावर बांबोळीचं सरकारी इस्पितळ (गोवा मेडिकल कॉलेज) लागतंच आणि गोवा इतका लहान की कायम टाळून चालत नाही. पहिल्यांदा स्वतः गाडी चालवू नका. दुसऱ्याने चालवावी, दिवसा जावं, थांबू नये. तीन-चार खेपांनंतर हवं तर थांबा. अपघाताच्या जागेलाही हेच लागू. दोन महिन्यांनीही तिथून जाताना सगळं डोळ्यांसमोर जसंच्या तसं घडू लागलं, घाम फुटला, तर डॉक्टरांशी बोला. हे शोकापेक्षा वेगळं आहे आणि त्यावर वेगळे उपचार आहेत.

पहिली चवथ कशी काढायची?

पंधरा दिवस आधी ठरवून. मूळ घरी गणपती असेल तर भावांनी पुजावा आणि तुम्ही जावं की न जावं हे तुमच्यावर सोडावं. न बोलावणंही मनाला लागतं आणि आग्रहही, म्हणून एकाने फोन करून सरळ विचारावं. घरात दुसरं मूल असेल तर त्याला माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची सजावट) बांधायला आणि फटाके लावायला मोकळीक द्या. मागोमाग म्हाळाचे दिवस (पितृपक्ष) येतात, त्याचीही तयारी ठेवा. नरकासुराची, म्हणजे दिवाळीच्या आदली रात्र काही घरांना चवथीपेक्षा जड जाते: मुलाचं टोळकं यंदाही नरकासुराचा पुतळा बांधत असतं. त्या पोरांनी आधी घरी येऊन सांगितलं तर बरं. नकोच वाटलं तर ती रात्र दुसऱ्या गावी काढा. वाढदिवस आणि तिथी यांपेक्षा आदले तीन-चार दिवस जास्त वाईट असतात, रजा तेव्हाची घ्या.

'मुलं किती?' याचं उत्तर काय द्यायचं?

दोन उत्तरं तयार ठेवा. बसमधल्या अनोळखी माणसाला 'एक' म्हणणं म्हणजे फसवणूक नव्हे. जवळचं वाटलं तर 'दोन, त्यातली एक गेली'. २०११ च्या जनगणनेतही स्त्रियांना किती झाली आणि किती हयात, असे दोन्ही आकडे विचारले होते. सरकारलाही दोन्ही खरे वाटतात.

हे किती दिवस चालतं? डॉक्टरांकडे कधी जायचं?

शोकाचे पाच टप्पे असतात हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते १९६९ मध्ये मांडले गेले ते मरणाला टेकलेल्या रुग्णांबद्दल. मागे राहिलेल्यांचं दुःख तसं पायऱ्यांनी उतरत नाही. चार बरे दिवस जातात आणि मग दुकानात त्याच्या मापाची चप्पल दिसते. त्याचा आवाज ऐकू येणं, दारात पावलं वाजल्याचा भास होणं, याला वेड म्हणत नाहीत.

मात्र सहा महिने ते वर्ष उलटूनही दिवसचे दिवस फक्त ओढच असेल, अंघोळ-जेवण-काम बंद असेल, आपल्याच आयुष्याशी काही नातं उरलं नाही असं वाटत असेल, तर तो उपचार करण्याजोगा आजार आहे. 'लांबलेला शोक' म्हणून त्याचं निदान आता जागतिक वर्गीकरणातही आहे. मरणाचे विचार आले तर मात्र वाट बघायची नाही. 'मला त्याच्याकडे जायचंय' असं कुणी म्हटलं तर थेट विचारा: जीव द्यायचं मनात आहे का? विचारल्याने विचार येत नाही. गोळ्या, कीटकनाशक घरातून हलवा आणि माणसाला एकटं सोडू नका.

टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवस-रात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. तिथे गेलं की 'वेडा' शिक्का बसतो या भीतीने लोक उगाच थांबतात. जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचार विभाग असतो. तातडीला १०८.

दुसरं मूल लवकर होऊ द्या, असं सगळे सांगतात.

आधी शरीर आणि कारण. डॉक्टरांकडे अहवाल घेऊन जा. दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि आधीच्या बाळाला मेंदू-मणक्याचा दोष असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ५ मिलिग्रॅम. नवीन बाळाला गेलेल्याचं नाव ठेवू नका, त्याला दुसऱ्याचं आयुष्य जगावं लागतं. पुढच्या गरोदरपणात आधीचं मूल गेलं तो आठवडा सर्वांत कठीण असतो. त्या आठवड्याची तपासणी आधीच ठरवून ठेवा.

भेटायला जाऊन बोलायचं काय?

मुलाचं नाव घ्या. 'अथर्वची आठवण येते' एवढं पुरतं. 'देवाला चांगली माणसं आवडतात', 'निदान दुसरा आहे', 'आता धीर धर' हे नको. 'काही लागलं तर सांग' हेही निरुपयोगी, कुणी सांगत नाही. 'मंगळवारी गॅस आणतो', 'शनिवारी धाकटीला क्लासला मी नेते' असं सांगा. आणि तेराव्यानंतर जा. तोवर घर भरलेलं असतं, पंधराव्या दिवशी ओसरीवर कुणी नसतं.

सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की मी अजून चारच पाव घेते. आता तीनच लागतात.

घ्या चार. हाताची सवय मोडायला कधी वर्षही लागतं. पोदेराला मात्र कुणीतरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो दारात 'बाबू खंय?' असं विचारणार नाही.